समजूत घालणें आणि समजून घेणें

संसारांत भांड्याला भांडें लागायचेंच, असें आपण सहज म्हणतों आणि नवराबायकोच्या तंट्यावर पडदा टाकतों. या म्हणीनें आपल्या समाजाचें बरेंच भलें केलें आहे. कित्येक क्षुल्लक भांडणें तिनें उंबऱ्याबाहेर जाऊं दिलीं नाहींत. पण कासाराच्या दुकानांत घटकाभर बसलेल्यास ठाऊक असतें कीं, जुनी घागर दुरुस्तीस आली म्हणजे तो आधीं तिला बोटानें टिचकी मारतो आणि कान देतो. धड घागरीचा नाद लांबत जातो. चीर गेलेली घागर बद्द वाजते. तेव्हां भांड्याला भांडें लागलें एवढें ऐकून भागत नाहीं, नाद कसला आला तेंही ऐकावें लागतें. आपल्या घरांतून तें ऐकणारा पूर्वीं कोण होता, आज कोण आहे, आणि कोणीच ऐकत नाहीं तेव्हां काय होतें, यासंबंधीं या महिन्यांत लिहावें असा आमचा मानस आहे.

निमित्त वाचकांच्या पत्रांचें आहे. मुलगा आणि सून समुपदेशकाकडे जातात, फी देऊन परक्या माणसापुढें घरचीं गाऱ्हाणीं मांडतात, आणि घरीं आल्यावर खोलीचें दार लावून घेतात. आम्ही वडीलधारीं माणसें घरांत असतांना ही नामुष्की कशाला, अशी विचारणा एकदां नव्हे, अनेकदां झाली. या विचारण्यांतील दुःख खरें आहे, म्हणून तें थट्टेवारी नेणें योग्य नव्हे. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी कीं, पूर्वीं वडीलधारे जें करीत तेंच हा समुपदेशक करतो, फक्त पैसे घेऊन करतो. वस्तुतः तसें नाहीं. आणि तो भेद पुण्यामुंबईच्या उदाहरणांनीं दाखविण्यापेक्षां आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या अनुभवावरून दाखविणें आम्हांस अधिक सोयीचें वाटतें. उस्मानाबाद हें नांव २०२३ सालीं अधिकृतपणें गेलें आणि धाराशिव हें जुनें नांव परत आलें. पण नांव कोणतेंही असो, संकट हें या जिल्ह्याला कधींच नवखें नव्हतें.

ता. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीस विसरतां यावयाची नाहीं. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी झालेली. गणपति बोळवून उशिरा परतलेलीं माणसें गाढ झोपेंत होतीं. चार वाजण्याच्या सुमारास जमीन हालली, आणि लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी गणतीप्रमाणें सुमारे ८,००० माणसें गेलीं. कांहीं अभ्यासक हा आंकडा १०,००० च्या घरांत नेतात. किल्लारीचें नांव जगभर झालें, पण आजच्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांतील सास्तूर, राजेगांव, होळी, पेठसांगवी या गांवांवरही तोच प्रसंग गुदरला होता. माणसें मारलीं तीं मुख्यत्वें घरांनीं. मातींत रचलेल्या दगडी रुंद भिंती आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेलेलें माळवद, हें सारें झोपलेल्या माणसांवर आलें.

त्या भिंतींनीं माणसें मारलीं हें सर्वांनीं लिहिलें. त्याच भिंतींनीं घर कसें चालविलें होतें, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. ढाळज, चौक, सोपा, माजघर, परस अशी ज्या घराची मांडणी, त्या घरांत रागावलेल्या माणसाला जावयास जागा असे. नवरा ढाळजेंत जाऊन बसे, बायको परसांत. मध्यें चौक, आणि चौकांत सासू, जाऊ, आत्या, कोणी ना कोणी. भांडण त्या चौकांतून जातां जातां निम्में विरून जाई. भूकंपानंतर सुमारे ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. तेथें घराचें क्षेत्र जमिनीच्या मानानें ठरलें: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, त्यावरच्यास ७५०. घरें पक्कीं झालीं, भूकंपास टिकतील अशीं झालीं, रस्ते सरळ आणि रुंद झाले. त्याबद्दल तक्रार करणें कृतघ्नपणाचें होईल. पण एका वाड्यांतले तीन भाऊ तीन ओळींत गेले, भावकीची गल्ली मोडली, आणि अडीचशें चौरस फुटांत नवराबायको समोरासमोर आलीं. मध्यें चौक उरला नाहीं.

आणि तीं समोरासमोर आलीं तीं कशा मनःस्थितींत? ज्या घरांत मूल गेलें त्या घरांत बाप आणि आई दोघेंही शोक करतात, पण एका रीतीनें करीत नाहींत. ती रडते, तीच तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगते; तो गप्प राहतो, उठून बाहेर जातो. तिला वाटतें, याला कांहींच नाहीं. त्याला वाटतें, हिचें रडणें म्हणजे आपल्यावरचा आरोप आहे. ती जितकी बोलावयास जाते तितका तो दूर सरतो. तो जितका दूर सरतो तितका तिचा स्वर चढतो. त्या रात्रीं मुलांना आंत कोणीं झोपविलें, पाऊस येईल म्हणून अंगणांतलें अंथरूण कोणीं उचललें, हा प्रश्न तोंडानें कोणी काढीत नाहीं. तो दोघांच्या मध्यें येऊन बसतो आणि वर्षानुवर्षें उठत नाहीं. त्यांत हातीं थोडा नुकसानभरपाईचा पैसा आणि समोर रिकामा दिवस असला म्हणजे पुरुषाला दारूचें दुकान जवळचें वाटूं लागतें. अशा घरांतलें भांडण वरकरणीं मिठावरून, पाण्यावरून, जावेवरून असतें. मीठ, पाणी, जाऊ यांचा त्यांत कांहींएक संबंध नसतो.

येथें आमच्या जुन्या व्यवसायाची एक गोष्ट सांगतों. संस्कृत शिकवितांना मुलांना सर्वांत जड जाई तें द्विवचन. मराठींत एकवचन आहे, अनेकवचन आहे, दोघांसाठीं वेगळें रूप नाहीं. मुलें विचारीत, गुरुजी, दोन म्हणजे अनेकच कीं, मग वेगळें रूप हवें कशाला? त्यांना आम्ही 'दम्पती' हा शब्द सांगत असूं. वेदांच्या भाषेंत दम म्हणजे घर. दम्पती म्हणजे त्या घराचे दोन धनी, आणि शब्द द्विवचनी. पुढें पुढें आम्हांस वाटूं लागलें कीं, आपल्या एकत्र कुटुंबाचें व्याकरणही मराठीचें आहे, संस्कृताचें नव्हे. त्यांत 'मी' म्हणणारा कर्ता पुरुष असतो आणि 'आपण' म्हणणारें सारें घर असतें. 'आम्ही दोघें' म्हणावयास मुलगा आणि सून धजलीं कीं तें घर फोडण्याचें लक्षण समजलें जातें. वाड्याचा चौक भांडण जिरवीत असे हें जितकें खरें, तितकेंच हेंही खरें कीं त्या चौकांत दोघांना दोन शब्द एकांतीं बोलतां येत नसत. आमच्या वाचकांतील वृद्ध भगिनींना याची साक्ष द्यावयास दुसऱ्या कोणाची गरज नाहीं.

आणि वडीलधाऱ्यांची समजूत ती काय असे? आम्हीं पुष्कळ बैठकी पाहिल्या आहेत. थोरले काका मधोमध, मुलगा खालीं मान घालून, सून दाराआड. काका मुलाला चार शब्द खडसावून सुनावीत, मग दाराकडे पाहून म्हणत, पोरी, तूंही थोडें पडतें घे. बैठक संपे, चहा येई. त्यांत लबाडी नव्हती. काकांच्या मनांत घर टिकावें एवढीच इच्छा होती. पण भांडण मिटविणें हा त्यांचा उद्देश असल्यामुळें भांडण कशाचें आहे हें ऐकण्याची त्यांना गरज वाटत नसे. समजूत घालणारा माणूस आधींच ठरवून आलेला असतो. समजून घेणाऱ्याला अजून ठरवावयाचें असतें. शिवाय पडतें घेण्याची पाळी बहुधा एकाच बाजूस येई, हें सांगणें नलगे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतों. नांवगांव अर्थातच सांगत नाहीं. दोनतीन वर्षें लागोपाठ पाऊस हुकला, विहीर कोरडी पडली, सोयाबीन हातीं लागलें नाहीं. २०१४-१५ चे ते दिवस या जिल्ह्यांत कोणी विसरलेलें नाहीं. त्यानें बायकोचें गंठण गहाण टाकलें आणि तिला सांगितलें कीं चोरीच्या भयानें बँकेंत ठेवलें आहे. घरच्या लग्नांत तें बाहेर पडलें. ती माहेरीं निघून गेली. बैठक बसली. दोन्हींकडचे वडील म्हणाले, दागिने काय, पाऊस झाला कीं पुन्हा होतील. ती म्हणाली, मला दागिन्यांचें नाहीं. मग कशाचें, हें तिला कोणींच विचारलें नाहीं. ती परत आली, नांदूं लागली, आणि दोघांचें बोलणें बंद झालें तें सहा महिने.

पुढें कोणाच्या तरी सांगण्यावरून तीं दोघें शहरांत एका समुपदेशक बाईंकडे गेलीं. घरीं सांगितलें, तुळजापूरला दर्शनास जातों. तें खोटेंही नव्हतें, कारण येतांना दर्शन घेऊन येत. तिसऱ्या कीं चौथ्या खेपेस बाईंनीं तिला विचारलें, दागिन्यांचें नाहीं, तर कशाचें? ती म्हणाली, मला विचारलं नाही. बाईंनीं त्याला सांगितलें, ही काय म्हणाली तें तुमच्या तोंडानें सांगा, उत्तर देऊं नका. त्याला तें दोनदां जमलें नाहीं. प्रत्येक वेळीं तो आपली बाजू मांडूं लागे. तिसऱ्यांदां सांगितलें तेव्हां बाईंनीं विचारलें, आतां तुमचें सांगा, कां नाहीं विचारलें? बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, विचारलं असतं तर तू काढून दिलंच असतंस. ते मला बघवलं नसतं. त्यानेंच आम्हांस हें सांगितलें. कर्ज त्या दिवशीं एका रुपयानेंही कमी झालें नाहीं. पण परततांना एस. टी. मध्यें तिनें कर्जाचा एकंदर आंकडा विचारला आणि त्यानें सांगितला. सावकाराचा, पतपेढीचा, मेव्हण्याचा, सगळा.

ही हकीकत एकट्याची म्हणून सोडून द्यावी अशी नाहीं. अमेरिकेंत आयोवा नांवाचा शेतीप्रधान प्रांत आहे. तेथें १९८० नंतरच्या दशकांत जमिनीचे भाव कोसळले, कर्जें थकलीं, शेतें लिलावास निघालीं. रँड काँगर आणि ग्लेन एल्डर या अभ्यासकांनीं १९८९ पासून तेथील आठ तालुकेवजा विभागांतल्या ४५१ कुटुंबांचा वर्षानुवर्षें मागोवा घेतला. त्यांना दिसलें तें असें कीं, पैशाची तूट स्वतः होऊन संसार मोडीत नाहीं. ती रोजच्या ओढाताणींतून काम करते: हें बिल थकलें, तें औषध लांबलें, मुलाची फी राहिली. ओढाताणीनें मन खचतें. खचलेलें मन चिडतें. चिड जोडीदारावर निघते. आणि नवराबायकोंतली कटुता मुलांशीं वागण्यांत उतरते. शिक्षकाला या सांखळीचें शेवटचें टोंक फार पूर्वीं दिसतें. दुष्काळाच्या सालीं वह्या अपुऱ्या राहतात, शेजाऱ्यानें नुसता हात वर केला तरी एखादें मूल दचकतें. घरीं काय चाललें आहे हें त्याला विचारावें लागत नाहीं. पण त्याच अभ्यासांत दुसरीही गोष्ट आढळली. जेथें नवराबायको एकमेकांना आधार देत होतीं, रोजच्या अडचणीवर बसून कांहीं एक तोड काढूं शकत होतीं, तेथें तेवढ्याच तुटीनें तेवढें नुकसान केलें नाहीं. त्याच आयोवांतील युद्धकाळांत ताटातूट झालेल्या कुटुंबांवर रूबेन हिल यांनीं १९४९ सालीं ग्रंथ लिहिला होता. त्यांचेंही म्हणणें असें कीं, संकट केवढें हें एकट्या घटनेवरून ठरत नाहीं. घराजवळ सामग्री काय आहे आणि घर त्या घटनेचा अर्थ काय लावतें, यांवरही ठरतें. 'देवानें आपल्यावर आणलें' आणि 'तुझ्यामुळें झालें' या दोन अर्थांत एका संसाराचें अंतर आहे.

आमच्या भागांत हा अर्थ जिवावर बेतणारा ठरला आहे. धाराशिव जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या आणि होत आहेत. त्यांची कारणें पाऊस, भाव, पतपुरवठा यांत आहेत. तीं समुपदेशनानें दूर होतील असें कोणी म्हणेल तर तो शुद्ध कांगावा होईल. परंतु कित्येक घरांत मागें राहिलेल्या पत्नीला कर्जाचा खरा आंकडा दिवसकार्य झाल्यावर, दारीं आलेल्या सावकाराच्या तोंडून कळला, ही गोष्ट तर खरी आहे ना? पुरुष म्हणतो, तिला कशाला काळजी? काळजी तिला असतेच. फक्त तिला ती अंधारांत करावी लागते. बृहदारण्यकांत याज्ञवल्क्य घर सोडून निघण्यापूर्वीं मैत्रेयीला हांक मारून आपल्या वित्ताची व्यवस्था सांगतो, आणि त्या बोलण्यांतून पुढचा सारा संवाद निघतो. एवढा मोठा ब्रह्मवेत्ता जर बायकोला हिशेब सांगतो, तर आपल्या सातबाऱ्यावरचा बोजा तिच्यापासून लपविण्याइतके आपण कोण मोठे?

शासनानें २०१५ च्या सुमारास मराठवाडा आणि विदर्भांतील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' नांवाचा शेतकरी समुपदेशनाचा प्रकल्प काढला. त्यांत गांवची आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन माणसाची झोप, भूक, उदासी यांची चौकशी करी आणि गरज दिसल्यास जिल्हा रुग्णालयाकडे पाठवी. यांतील मर्म आम्हांस हें वाटलें कीं चौकशी उंबऱ्याच्या आंत झाली; नवरा जें बोलत नाहीं तें बायकोनें कधींच टिपलेलें असतें. भूकंपानंतरच्या काळांतही असाच एक चांगला प्रयोग झाला होता. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनें घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमांत गांवोगांवच्या महिला मंडळांतील बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभें केलें. सिमेंट किती, लोखंड किती, भिंत कशी बांधून घ्यावयाची, हें त्या बायकांनीं बायकांना समजावून दिलें. तो कार्यक्रम घरांचा होता, संसारांचा नव्हे. पण चूल कोठें आणि मोरी कोठें हें ज्या घरांत नवराबायकोनें मिळून ठरविलें, त्या घरांत दुःखाखेरीज बोलावयास दुसरा एक विषय मिळाला, असें आमचें मत आहे. आणि शोकांत बुडालेल्या जोडप्याला पहिल्यानें हवा असतो तो असा एखादा साधा विषयच.

आतां समुपदेशक करतो काय? इंग्लंडांत विवाह-मार्गदर्शनाचें मंडळ १९३८ सालीं निघालें, म्हणजे तिकडेही ही विद्या फार जुनी नव्हे. अलीकडे अमेरिकेंतील जॉन गॉटमन यांनीं शेंकडों जोडप्यांना भांडावयास लावून, त्यांच्या नाडीचे ठोके मोजून, कोणता संसार टिकतो याचा शोध घेतला. त्यांच्या मतें चार गोष्टी घातक: माणसाच्या चुकीऐवजीं त्याच्या स्वभावावर बोट ठेवणें, हेटाळणी, प्रत्येक गोष्टीवर सफाई देणें, आणि तोंड मिटून भिंत होणें. चारांत हेटाळणी सर्वांत विखारी. आपल्याकडे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या माहेराची चारचौघांत थट्टा करण्याची जी हौस आहे, ती याच सदरांत पडते, हें ध्यानांत ठेवावें. दुसरें त्यांनीं सांगितलें तें असें कीं, संतापानें नाडी मिनिटास शंभराच्या वर गेली कीं माणसाला ऐकूंच येत नाहीं. त्या वेळीं निदान वीस मिनिटें बोलणें थांबवावें आणि मग परत यावें. ढाळज आणि परस हेंच करीत होतीं. फक्त परत येऊन बोलण्याचा भाग वाड्यांत राहून जाई. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत दिलाशाची वाटली. जोडप्यांचे शेंकडा ६९ मतभेद कधींच मिटत नाहींत; सुखी जोडप्यांचेही नाहींत. तीं त्यांच्यासह नांदावयास शिकतात.

समुपदेशक निवाडा देत नाहीं, कोणाला पडतें घे म्हणत नाहीं, आणि ऐकलेलें तिसऱ्या कानीं जाऊं देत नाहीं. शेवटचा गुण थोरल्या काकांपाशीं क्वचितच असे. वडिलांनीं यांत अपमान मानूं नये. डोळ्यांत गेलेलें कुसळ आपल्या घरांत कितीही मायेचीं माणसें असलीं तरी डॉक्टरकडूनच काढून घ्यावें लागतें. उलट मुलगा आणि सून दार लावून बोलत असतील तर त्या दारावरून चपला न वाजवितां जाणें, एवढी मदत वडीलधाऱ्यांना करतां येते, आणि ती लहान नाहीं.

मात्र एका बाबतींत आम्हांस स्पष्ट बोलावयाचें आहे, कारण समुपदेशनाच्या नांवाखालीं जुनीच समजूत पुन्हा घातली जाण्याचा धोका आहे. मारहाण हें भांडण नव्हे. जेथें हात उगारला जातो तेथें दोघांनाही समोर बसवून 'दोघांचेंही थोडें थोडें चुकतें' म्हणणें म्हणजे मारणाऱ्याच्या हातीं काठी देणें होय. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें १९८४ सालीं मुंबई पोलिसांच्या कचेरींत महिला आणि बालकांसाठीं विशेष कक्ष काढला तो याच जाणिवेनें. पुढें तो उपक्रम शासनानें राज्यांत इतरत्र नेला. याच संस्थेचा एक परिसर १९८० नंतरच्या दशकापासून आमच्या तुळजापुरांत आहे, हें येथें सांगण्यास आम्हांस अभिमान वाटतो. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ सालीं झाला. त्यांत न्यायाधीशास समुपदेशनाचा आदेश देतां येतो. परंतु २००६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, मारण्याचें समर्थन बैठकींत ऐकून घेतलें जाणार नाहीं, आणि ही गोष्ट मारणाऱ्यास सुरुवातीसच सांगावी. तिनें उलट उत्तर दिलें म्हणून, स्वयंपाक बिघडला म्हणून, हीं कारणें तेथें चालत नाहींत. थोरल्या काकांच्या बैठकींत तींच आधीं मांडलीं जात.

कायद्याचें बाकीचें थोडक्यांत सांगतों. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें काडीमोड देण्यापूर्वीं समेटाचा प्रयत्न करण्याचें काम न्यायालयावर टाकलें. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानें त्यासाठीं समुपदेशक नेमण्याची तरतूद केली. परस्पर संमतीनें वेगळें होण्याची वाट १९७६ सालीं खुली झाली. त्यांतील सहा महिन्यांची थांबण्याची मुदत, समेटाची आशा उरली नसेल तर माफ करतां येते, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं ठरविलें. म्हणजे समुपदेशनाचा शेवट दर वेळीं पुन्हा एकत्र नांदण्यांतच होतो असें नाहीं. कांहीं जोडपीं त्या खोलींतून वेगळीं होऊन बाहेर पडतात, पण मुलांच्या देखत एकमेकांचा पाणउतारा न करतां. आमच्या कांहीं वाचकांना हें वाचून वाईट वाटेल. ज्यांनीं बिनबोलल्या संसाराचीं तीस तीस वर्षें एका छपराखालीं काढलीं त्यांना विचारून मग त्यांनीं आम्हांस पत्र लिहावें.

२०२५ च्या सप्टेंबरांत परांडा, भूम या बाजूस पुरानें पिकें नेलीं, कित्येक ठिकाणीं शेतांतली मातीच खरवडून नेली. दुष्काळाची संवय असलेल्या माणसांना पाण्यानें मारलें. पंचनामे झाले; घरांतल्या ओढाताणीचा पंचनामा होत नसतो, आणि ती पिकाच्या नुकसानीपेक्षां उशिरा, सहा महिन्यांनीं, वर्षानें वर येते. ज्यांच्या ओळखींत असें घर असेल त्यांनीं तेथें समजूत घालावयास जाऊं नये. आधीं नुसतें बसावें, मुलांना दोन दिवस आपल्याकडे आणावें, आणि नवराबायकोंपैकीं जो गप्प झाला असेल त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावें. समुपदेशकाकडे दोघांनीं मिळून जाणें उत्तम. एकजण तयार नसेल तर दुसऱ्यानें एकट्यानें गेलें तरी चालतें. पहिल्या खेपेस बहुधा कांहींच सुटत नाहीं, निराश होऊं नये. ज्यांना शहरापर्यंत जाणें जमत नाहीं, किंवा जिवाचें कांहीं बरेंवाईट करावें असे विचार ज्यांच्या मनांत येतात, त्यांनीं केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. ती सेवा २०२२ सालीं सुरू झाली. दिवसरात्र चालते, मराठींत बोलतां येतें, आणि तिला पैसे पडत नाहींत.